घरचा ब्राउझर अडतो कोठे?



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर धर्म, राजकारण, अर्थकारण, शास्त्र इत्यादी मोठमोठ्या विषयांचा ऊहापोह होत आला आहे. त्या मानाने आमचा आजचा विषय कोणास किरकोळ वाटेल. घरच्या संगणकावरचा ब्राउझर मंद का चालतो आणि मध्येच का थिजतो, एवढाच तो आहे. तथापि आज सातबाऱ्याचा उतारा, मुलाचा दहावीचा निकाल, विजेचे बिल, निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला आणि गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाडीचे तिकीट ही सारी कामे ज्या एका खिडकीतून होतात, ती खिडकीच अडली तर घर अडते. यास्तव हा विषय किरकोळ नाही, असे आम्हांस वाटते.

शिवाय यात एक दुखरी बाब आहे. खिडकी अडली की तरुण मनुष्य यंत्रास दोष देतो आणि वयस्क मनुष्य स्वतःस. "आम्हांला यातले काही कळत नाही," असे म्हणून पुष्कळ सुबुद्ध माणसे संगणकापासून उठून जातात, किंवा कोणा अनोळखी 'जाणकारा'च्या हाती तो सोपवून मोकळी होतात. या दोन्ही गोष्टी टाळता याव्यात, एवढ्यासाठी हा प्रपंच आहे.

आपल्या पनवेलला औषधाची परंपरा जुनी आहे. धूतपापेश्वराचा आयुर्वेदीय औषधांचा व्यवसाय येथे १८७२ पासून चालत आला आहे. आधी निदान आणि मग औषध, हे तत्त्व या गावास नव्याने सांगावयास नको. ब्राउझरच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलटे करतो. ताप कसला हे न पाहता मिळेल ती पुडी देतो. कोणी सांगतो कॅशे पुसा, कोणी सांगतो रॅम वाढवा, कोणी सांगतो लाइनच बदला. यांतील प्रत्येक उपाय कोठे ना कोठे खरा आहे, परंतु सर्वत्र एकच उपाय खरा नाही.

पान येते म्हणजे काय होते?

ब्राउझर म्हणजे इंटरनेट नव्हे. इंटरनेट हा रस्ता, आणि ब्राउझर हा आपल्या घरातला कारागीर. आपण पत्ता दिला की तो दूरच्या संगणकाकडे निरोप पाठवतो. तिकडून तयार चित्र येत नाही, तर सामान येते. मजकूर, चित्रे, मांडणीचे नियम आणि 'असे झाले तर असे कर' अशा आज्ञांची एक चोपडी असा तो गठ्ठा असतो. त्या सामानातून पान उभे करण्याचे काम आपल्याच संगणकाच्या मेंदूने, आपल्याच घरात करावयाचे असते.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली स्वित्झर्लंडमधील सर्न या संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला, तेव्हा हे सामान फार थोडे असे. १९९५ साली जावास्क्रिप्ट नावाची आज्ञांची भाषा आली आणि पाने केवळ वाचण्याची न राहता चालती-बोलती झाली. आज एखादे वर्तमानपत्राचे पान उघडले, तर वाचावयाचा मजकूर थोडा आणि जाहिराती, हलती चित्रे व वाचकाच्या मागावर राहणाऱ्या आज्ञा फार, असा प्रकार असतो. लग्नाला आलेल्या नवरदेवापेक्षा वऱ्हाड मोठे, त्यातलाच हा मासला.

आता थोडे गणित करू. आपल्या देशात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पुढे घरोघरी जे ५६ किलोबिटचे मोडेम आले, त्यांवरून दोन मेगाबाइटचे एक पान आणावयाचे म्हटले तर जवळजवळ पाच मिनिटे लागली असती. आजच्या ५० मेगाबिटच्या लाइनीवर तेच सामान, हिशेबाप्रमाणे, सेकंदाच्या एक तृतीयांशात येते. अंतराचीही सबब उरलेली नाही. काचेच्या तारेतून अमेरिकेस निरोप जाऊन परत येण्यास सेकंदाचा चौथा हिस्सा पुरतो. आणि सर्व सामान अमेरिकेतूनच येते असेही नाही. पनवेलच्याच परिसरात, हिरानंदानी फॉर्च्यून सिटीत, योट्टा कंपनीचे एनएम-१ नावाचे प्रचंड डेटा सेंटर जुलै २०२० पासून उभे आहे.

मग पान उघडण्यास दहा-दहा सेकंद का लागतात? पनवेलकरास याचे उत्तर उदाहरणाने चटकन पटेल. ९४.५ किलोमीटरचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. पुण्याहून निघालेली गाडी घाट उतरून भराभर कळंबोलीस येते आणि पुढे गावातल्या गर्दीत, वाहनतळ शोधताना, अर्धा तास घालवते. इंटरनेटचेही तसेच झाले आहे. पूर्वीची खोळंबण्याची जागा तारेत होती, ती आता पुष्कळ वेळा आपल्या घरात आली आहे. आमच्या सांगण्याचा मथितार्थ हाच.

चार नाकी आणि एक कसोटी

खोळंबा चार ठिकाणी होऊ शकतो. समोरचे संकेतस्थळ, मधली लाइन, आपला संगणक आणि खुद्द ब्राउझर. यांपैकी दोष कोणत्या नाक्यावर आहे हे ओळखण्यास विद्वत्ता लागत नाही. घरातला मोबाइल फोन पुरतो.

जे पान संगणकावर अडते तेच फोनवर, घरच्याच वायफायवर उघडून पाहावे. फोनवर ते झटकन उघडले, तर संकेतस्थळ निर्दोष आणि लाइनही बहुतेक निर्दोष. दोष संगणकात किंवा ब्राउझरात. फोनवरही अडले, तर वायफाय बंद करून फोनच्या स्वतःच्या डेटावर तेच पान पुन्हा उघडावे. आता उघडले, तर घरची लाइन दोषी. तरीही अडले, तर बहुधा संकेतस्थळच दमलेले आहे. दोन मिनिटांच्या या कसोटीने चारपैकी दोन नाकी बाद होतात आणि पुष्कळ व्यर्थ खर्च वाचतो.

संकेतस्थळ दमलेले असेल तर आपल्या हाती धीर धरण्याखेरीज काही नाही. दहावी-बारावीचा निकाल लागण्याच्या घटकेला, किंवा सकाळी दहा वाजता वातानुकूलित आणि अकरा वाजता साध्या वर्गाचे तत्काळ आरक्षण उघडताना, असंख्य माणसे एकाच दाराशी उभी असतात. अशा वेळी दर सेकंदास रिफ्रेश करणे म्हणजे रांगेतून बाहेर पडून पुन्हा शेवटी उभे राहणे होय. आणि पैसे भरताना पान थिजले, तर दुसऱ्यांदा बटण दाबण्यापूर्वी बँकेच्या खात्यातून रक्कम गेली की नाही हे अवश्य पाहावे.

लाइन दोषी ठरली तर राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करावा. एवढ्याने भागले नाही, तर संगणक राउटरजवळ नेऊन किंवा तारेने जोडून पाहावा. येथे सुधारणा झाली, म्हणजे दोष कंपनीच्या लाइनीत नसून घरातल्या हवेत आहे. खांदा कॉलनी, नवीन पनवेल, खारघर येथील उंच इमारतींत एकेका मजल्यावर अनेक राउटर असतात. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या जुन्या पट्ट्यात एकमेकांस न अडवणाऱ्या वाटा अवघ्या तीन. त्यांतच शेजाऱ्यापाजाऱ्यांची दाटी होते, आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात गोंगाट करतो. राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झची सोय असेल तर ती वापरावी. हा पट्टा मोकळा असतो, मात्र भिंतींपुढे तो लवकर हात टेकतो.

संगणकाची दमछाक

समजा, फोनवर सर्व सुरळीत आहे आणि संगणकावरच अडते. तर आता तीन कळा एकदम दाबाव्या: कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर नावाचा फलक उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे रकाने असतात. वैद्याने नाडी पाहावी तसे हे रकाने पाहावे. जो आकडा सतत नव्वदीच्या पुढे राहतो, तेथे रोग.

मेमरी, म्हणजे रॅम, हे कामाचे टेबल. आणि डिस्क हे माळ्यावरचे कपाट. टेबल भरले की संगणक काही कागद कपाटात नेऊन ठेवतो आणि लागले की पुन्हा आणतो. यात काय बिघडले, असे वाटेल. परंतु दोहोंच्या वेगातील अंतर कल्पनेपलीकडचे आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला एक कागद शोधण्यास रॅमच्या सुमारे लाखपट वेळ लागतो. टेबलावरून कागद उचलण्यास एक सेकंद लागतो असे धरले, तर माळ्यावरून तो आणण्यास एक दिवसाहून अधिक लागेल! चार गिगाबाइट रॅमच्या संगणकावर वीस पाने उघडी ठेवली की असे खेटे सुरू होतात, डिस्कचा दिवा अखंड लुकलुकतो आणि माउसचा बाण जागच्या जागी खिळतो. हेच ते 'थिजणे'.

याचे पथ्य फुकट आहे: नको ती पाने मिटावीत. संगणक सुरू होताच न बोलावता हजर होणारे कार्यक्रम याच टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' विभागात जाऊन बंद करावेत. दोन अँटिव्हायरस एका घरात नांदत नाहीत, एकच ठेवावा. डिस्कचा निदान दहावा हिस्सा मोकळा असावा. औषधावर खर्च करावयाचाच झाला, तर फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे आणि रॅम चारची आठ गिगाबाइट करणे हे दोन उपाय जुन्या यंत्रास खरोखर नवा जन्म देतात. नवा संगणक घेण्याच्या मानाने तो खर्च अल्प असतो.

कोकणच्या उन्हाळ्याचाही विचार करावा. प्रोसेसर फार तापला की स्वतःस वाचवण्यासाठी आपणहून वेग कमी करतो. गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपची हवेची भोके बुजतात, पंख्यात धूळ साचते आणि दुपारी संगणक कुंथू लागतो. सकाळी जलद आणि दुपारी मंद, असे लक्षण दिसल्यास रोग ब्राउझरचा नसून उष्णतेचा आहे असे समजावे.

खुद्द ब्राउझरचे दोष

आता चौथे नाके. एका पानाच्या आज्ञा पाळणे, ते पान रंगवणे आणि आपली टिचकी ऐकणे ही तिन्ही कामे मुख्यतः एकाच कारकुनाकडे असतात. पोस्टाच्या एकुलत्या एका खिडकीतला कारकून लांबलचक हिशेब करत बसला, तर रांगेतल्या माणसाचे साधे तिकीटही मिळत नाही. तसेच एखाद्या पानाची जावास्क्रिप्ट लांबली की बटणे दबत नाहीत आणि पान सरकत नाही. 'पान प्रतिसाद देत नाही' अशी सूचना येते ती यामुळे. अशा वेळी एकदा थांबून पाहावे, नंतर ते पान बंद करावे.

२००८ च्या सप्टेंबरात गूगलचा क्रोम आला, तो प्रत्येक पानास शक्यतो वेगळा कारकून देणारा होता. एक पान मेले तरी बाकीची जिवंत राहू लागली. फायरफॉक्सनेही २०१६ पासून ही रीत धरली. पुढे २०१८ साली, प्रोसेसरमधील काही दोषांमुळे एका संकेतस्थळाने दुसऱ्याची गुपिते वाचण्याचा धोका उघडकीस आला. त्यावर क्रोमने निरनिराळ्या संकेतस्थळांचे कारकून एकमेकांपासून अधिक कडक वेगळे केले. त्यापायी सुमारे दहा टक्के मेमरी अधिक लागू लागली. "ब्राउझर मेमरी खातो" ही तक्रार खरी आहे; परंतु त्यातील काही घास सुरक्षिततेचे मोल म्हणून आहेत, हेही ध्यानी घ्यावे.

कोणते पान किती खाते हे पाहण्याची सोय ब्राउझरातच आहे. क्रोम आणि फायरफॉक्स या दोहोंच्या मेनूत 'मोअर टूल्स'खाली त्यांचा स्वतःचा टास्क मॅनेजर असतो. त्यात खादाड पान नावानिशी सापडते. एवढे एकच पान बंद करावे. सर्व घर पाडण्याचे कारण नाही.

यानंतर एक्स्टेन्शनांकडे वळू. ही ब्राउझरला जोडलेली छोटी हत्यारे. कोणी सवलतीच्या किमती शोधते, कोणी व्हिडिओ उतरवून घेते. आपण ती एकदा घेतो आणि विसरतो, ती मात्र प्रत्येक पानात डोकावत राहतात. यांची परीक्षा सोपी आहे. अडणारे पान खासगी खिडकीत, म्हणजे 'इन्कॉग्निटो'त उघडावे. तेथे आपण मुद्दाम परवानगी दिल्याखेरीज एक्स्टेन्शने चालत नाहीत. तेथे पान सुरळीत चालले, तर संशय एक्स्टेन्शनवर किंवा साठलेल्या कुकींवर. मग एक्स्टेन्शने एकेक करून बंद करावीत, सर्व एकदम नव्हे. नाहीतर गुन्हेगार कोण हे कळतच नाही. व्हिडिओ काळा दिसत असेल किंवा पडदा झटके देत असेल, तर सेटिंगमधील 'ग्राफिक्स ॲक्सिलरेशन' बंद करून पाहावे.

कॅशे पुसण्याविषयी दोन शब्द. कॅशे म्हणजे पूर्वी आणलेले सामान पुन्हा आणावे लागू नये म्हणून केलेला साठा. तो पुसल्याने ब्राउझर जलद होतो हा समज बहुतांशी उलटा आहे. साठा गेल्यावर पहिल्या फेरीस पाने अधिक सावकाश येतात. एखादेच संकेतस्थळ अर्धवट किंवा वेडेवाकडे दिसत असेल, तर साठ्यातला माल नासला असे समजून तो पुसणे योग्य. पुसताना 'पासवर्ड' या चौकटीत खूण नाही ना, हे मात्र पाहावे. नाहीतर औषधापेक्षा उपद्रव मोठा व्हायचा.

सुरक्षित पाने एकही उघडत नसतील आणि प्रत्येक ठिकाणी धोक्याची सूचना येत असेल, तर पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. जुन्या संगणकाच्या आतली लहान बॅटरी संपली की त्याचे पंचांग अनेक वर्षे मागे जाते आणि संकेतस्थळांची प्रमाणपत्रे त्यास खोटी वाटू लागतात. तारीख दुरुस्त करताच पाने उघडतात.

ब्राउझर अद्ययावत ठेवणे हे शेवटचे पथ्य. येथे यंत्राचे वयही पाहावे लागते. विंडोज ७ साठी क्रोमची १०९ ही आवृत्ती अखेरची ठरली, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत, हे आम्ही आग्रहाने सांगतो.

खरा धोका कोठे आहे?

मंद ब्राउझरने वेळ जातो. अधीर मनाने मात्र जन्माची पुंजी जाऊ शकते. एकाएकी सर्व पडदा व्यापून भोंगा वाजू लागतो आणि "आपल्या संगणकात व्हायरस शिरला आहे, या क्रमांकावर तत्काळ फोन करा" असे अक्षर झळकते. ही सूचना संगणकाची नसते. ते एक साधे पान असते, केवळ भीती घालण्यासाठी रचलेले. एस्केप कळ काही वेळ दाबून धरावी. न जमल्यास टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. पुन्हा उघडताना 'मागील पाने परत आणू का?' असे विचारले, तर नको म्हणावे.

दुसरा सापळा याहून गोड आहे. मनुष्य वैतागून 'कस्टमर केअर'चा क्रमांक शोधतो, आणि शोधात वर आलेला क्रमांक भामट्याचाच असतो. पलीकडचा मनुष्य अदबीने बोलतो, संगणकाचा ताबा देणारे एक ॲप घ्यावयास सांगतो आणि "आता बँकेचे खाते उघडून दाखवा" म्हणतो. ब्राउझर दुरुस्त करण्यास बँकेचे खाते कधीही लागत नाही. ओटीपी लागत नाही. अनोळखी माणसाच्या हाती संगणक देणे म्हणजे घराची किल्ली देणे होय. तरीही कोणी फसलाच, तर लाजेने गप्प न बसता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करावा आणि बँकेस कळवावे. जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम वाटेत रोखली जाण्याची आशा अधिक.

या सर्व विवेचनातून घरी नेण्याजोगी गोष्ट थोडकी आहे. पान अडले की प्रथम फोनवर पाहावे. मग टास्क मॅनेजरचे रकाने. मग खासगी खिडकी. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहून पुढे जावे. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत यापेक्षा निराळे काय करतात? संगणकाची इंग्रजी परिभाषा ज्यास येते तोच हे करू शकतो, असे मुळीच नाही. ज्या गृहिणीने आमटी बिघडली असता मीठ, आंबट की तिखट हे चाखून ओळखले, तिला ही रीत ठाऊकच आहे. आणि ज्याला ती ठाऊक आहे, त्याने थिजलेल्या पडद्यापुढे स्वतःस अडाणी म्हणवून घेण्याचे काहीही कारण नाही.